कॉलेजच्या शोधात : पुणे ते कोल्हापूर



बैल घ्यायचा झाला तर आपण काय करतो? बाजारात दोन चकरा मारतो, दात बघतो, चालवून बघतो, जमले तर औताला जुंपूनही बघतो. मग पैशाची गोष्ट. पण पोराला किंवा पोरीला कॉलेजात घालायचे झाले की आपण त्या कॉलेजचे फाटकसुद्धा पाहत नाही. पाहुण्याच्या पोराने जिथे नाव घातले तिथेच आपलेही घालून मोकळे होतो. बैल नाही पटला तर पुढच्या बाजारी विकता येतो. पोराचे गेलेले वर्ष कोणत्याच बाजारात परत मिळत नाही.

मुलाचे ठरलेले असले तर निभावते. डॉक्टरच व्हायचे किंवा इंजिनिअरच व्हायचे असे लहानपणापासून धरून बसलेले मूल असते. त्याची वाट सरळ असते, फक्त चढाची असते. पण पुष्कळ घरांत मूल अभ्यासात बरे असते आणि पुढे काय करणार म्हणून विचारले की खाली मान घालते. मग घरची माणसे घाबरतात आणि आपणच ठरवून टाकतात. माझे म्हणणे असे की, सतराव्या वर्षी ठरलेले नसणे हा काही रोग नाही. जमिनीला वाफसा यायला वेळ लागतो म्हणून कोणी पेरणीचा नाद सोडत नाही आणि चिखलात पाभरही घालत नाही. ठरेपर्यंत काय करायचे, कोणती कॉलेजे यादीत घ्यायची, एवढाच खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर घरी बसून सापडत नाही. त्यासाठी एकदा एस. टी. त बसावे लागते.

म्हणून आज तुम्हाला एका रस्त्याने घेऊन जातो. पुण्याहून साताऱ्यावरून कोल्हापूरला जाणारा हा महामार्ग सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा. कांदा, भाजीपाला किंवा दूध घेऊन तुमच्यापैकी कित्येकजण या रस्त्याने गेले असतील. याच रस्त्याला कॉलेजचे बहुतेक सगळे नमुने एकामागून एक लागतात, हे मात्र माल उतरवायच्या घाईत ध्यानात येत नाही.

अकरावीचा जानेवारी

गेल्या जानेवारीत माण तालुक्यातला एक शेतकरी आणि त्याची अकरावीतली मुलगी यांच्याबरोबर मी हा रस्ता केला. चार एकर कोरडवाहू, एक विहीर, तीही मार्चनंतर तळ दाखवणारी. मुलगी हुशार. तिने अकरावीला गणित आणि जीवशास्त्र ही दोन्ही ठेवलेली. घरी एक एजंट येऊन गेला होता. बारावीनंतर एका खाजगी कॉलेजात ‘सीट’ बसवून देतो म्हणत होता, आणि त्यासाठी विहिरीकडचा अर्धा एकर काढायचे घरात घाटत होते.

“साहेब, पोरीला काय व्हायचंय ते तिलाच ठावं न्हाई,” बाप म्हणाला. “मग त्यो म्हणतोय ते तरी करावं.”

मी म्हटले, “जिला ठावं नाही तिच्यासाठी रान विकायचं, आणि तेही न बघितलेल्या फाटकापुढं? आधी बघून येऊ.”

अकरावीचा जानेवारी का, ते सांगतो. बारावीच्या वर्षी मुलांना मान वर करायला सवड नसते. निकालानंतर अर्ज भरायच्या घाईत कोणी कॉलेज बघत नाही. मे महिन्यात जाल तर रिकाम्या इमारती दिसतील. कॉलेज बघायचे ते चालू असताना, मुले वर्गात आणि प्रयोगशाळेत असताना. जानेवारीत खरिपाची रास झालेली असते, रब्बी उभी असते, आणि घरातले एक माणूस तीन दिवस सुटू शकते. खर्चही फार नाही. १७ मार्च २०२३ पासून एस. टी. त बायाबापड्यांना आणि मुलींना निम्मेच तिकीट आहे.

आणि गणित-जीवशास्त्र दोन्ही ठेवण्याचे मोल ध्यानात घ्या. इंजिनिअरिंगला गणित लागते. डॉक्टरकीला आणि जनावरांच्या डॉक्टरकीला जीवशास्त्र लागते. बी. एस्सी. ॲग्रीला भौतिक आणि रसायन यांबरोबर दोन्हीपैकी कोणताही गट चालतो. राज्याची जी सीईटी होते, तिला मूल दोन्ही गटांतून बसू शकते. अभ्यास जरा जड होतो, हे खरे. पण ज्याचे ठरलेले नाही त्याने अकरावीतच एक दार लावून घेणे परवडत नाही. ज्याचे मूल यंदा दहावीला आहे त्याने एवढे वाक्य तरी भिंतीवर लिहून ठेवावे.

पुण्यातली तीन फाटके

पुण्यात शिवाजीनगरच्या आसपास, पायी फिरता येतील अशा अंतरात, तीन जुनी कॉलेजे आहेत.

पहिले इंजिनिअरिंगचे, संगमाजवळचे. १८५४ साली बांधकाम खात्याला माणसे तयार करून देण्यासाठी ते सुरू झाले. आज ते सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून ओळखले जाते, २०२२ पासून. दगडी इमारती, यंत्रांची खडखड, खांद्याला पिशव्या लावून पळणारी मुले. ज्याला यंत्राचे वेड आहे त्याने इथे जरूर यावे. पण फाटकातून आत जाताना मुलाने शाखा ठरवलेली असते आणि आत गेल्यावर यंत्रविद्येच्या बाहेरची वाट नसते. अशा कॉलेजला मी ‘अरुंद फाटक’ म्हणतो. अरुंद म्हणजे वाईट नव्हे. ज्याचे ठरले आहे त्याला ते सोन्यासारखे असते.

दुसरे आमचे शेतकी कॉलेज. त्याची गंमत अशी की, पुण्यात शेतीचे वर्ग १८७९ साली सुरू झाले ते याच इंजिनिअरिंगच्या घरात, त्या वेळच्या सायन्स कॉलेजात. स्वतंत्र शेतकी कॉलेज उभे राहिले १९०७ साली. म्हणजे शेती हा विषयसुद्धा अठ्ठावीस वर्षे दुसऱ्याच्या घरात भाडेकरू होता. मग आपल्या पोराला एक-दोन वर्षे ठरवायला लागली तर एवढे काय बिघडले?

या कॉलेजचे प्राचार्य होते डॉ. हॅरॉल्ड मॅन. मुळात रसायनशास्त्राचा माणूस. चहाच्या मळ्यांसाठी शास्त्रज्ञ म्हणून हिंदुस्थानात आला, १९०७ मध्ये इथे प्राचार्य झाला, आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा का राहत नाही हे पाहायला पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावात शिरला. घरोघरचा हिशेब मांडून त्याने १९१७ साली त्या गावावर पुस्तक लिहिले. त्यात त्याने दाखवले की, १७७१ साली त्या गावात एका खातेदाराची जमीन सरासरी ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. रसायनाच्या नळीपासून शेतकऱ्याच्या कर्जापर्यंत एका माणसाची विद्या अशी फिरत गेली. आज पिंपळे सौदागरात उंच उंच इमारती आहेत आणि शेत शोधावे लागते.

ही जमिनीची गोष्ट तुम्हा-आम्हाला लागू आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातली सरासरी धारणा १.३४ हेक्टर भरली, म्हणजे सव्वातीन एकर. तिच्या दोन वाटण्या झाल्या की काय उरते ते तुम्ही बोटावर मोजू शकता. म्हणून शिक्षण ही हौस राहिलेली नाही. आणि म्हणूनच शिक्षणासाठी जमीन विकण्याआधी शंभरदा विचार करायचा.

शेतकी कॉलेजचे फाटक बाहेरून अरुंद दिसते, आत मात्र मोठे रान आहे. चार वर्षांत मुलाला पीकशास्त्र, माती, कीड, रोग, फळबाग, बियाण्याची पैदास, जनावरे, कृषी अर्थशास्त्र, विस्तार, संख्याशास्त्र असे सगळे थोडे थोडे शिकावे लागते. एका विषयात खोल जायचे ते एम. एस्सी. ला. शेवटच्या वर्षी मुले कृषिदूत म्हणून गावात राहायला येतात. तुमच्या गावातही आली असतील. कोणी बँकेत जातो, कोणी बियाण्याच्या कंपनीत, कोणी स्पर्धा परीक्षा देतो, कोणी घरची शेती करतो. मी स्वतः याच विद्येचा. तरी त्या मुलीला मी ‘ॲग्रीच कर’ असे एकदाही म्हटले नाही. विकणाऱ्याने आपलाच माल सांगायचा नसतो.

तिसरे फर्ग्युसन, १८८५ चे. इथे कला आणि विज्ञान एका आवारात. कोणी गणित करतो, कोणी मानसशास्त्र, कोणी वनस्पतिशास्त्र, आणि सगळे एकाच झाडाखाली डबा खातात. इरावती कर्वे इथूनच १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाल्या. पुढे मुंबईला समाजशास्त्र आणि जर्मनीत मानववंशशास्त्र शिकल्या, आणि मराठीत ‘युगान्त’ लिहिले. पहिल्या पदवीचा विषय म्हणजे जन्माची गाठ नव्हे, एवढे यावरून दिसते. अशा आवाराला मी ‘रुंद फाटक’ म्हणतो. शेजारच्या बाकावर दुसरा विषय बसलेला असतो, आणि ज्याचे ठरलेले नाही त्याच्या कानावर आपोआप चार गोष्टी पडतात.

पुण्याचा एक तोटा मात्र बापाने पहिल्या संध्याकाळीच ओळखला. वसतिगृहात जागा मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर खोलीभाडे, खानावळ आणि बसभाडे मिळून फीपेक्षा जड जाते. फीचा कागद एक आणि वर्षाचा खर्च दुसरा, हे प्रत्येक कॉलेजात वहीत वेगवेगळे लिहा.

नीरा ओलांडल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारगेटहून निघालो. कात्रजचा चढ संपला, खेड शिवापूर मागे पडले, आणि नीरा नदीचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो. पहिलेच मोठे गाव शिरवळ. इथे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

शिरवळला तुम्ही जा, मग मूल डॉक्टर होणार असो वा नसो. दवाखान्याच्या अंगणात आपलीच माणसे आपली जनावरे घेऊन आलेली असतात. आम्ही गेलो तेव्हा एक विद्यार्थिनी खांद्यापर्यंत हातमोजा चढवून म्हशीची गर्भतपासणी करत होती. बापाने तोंड फिरवले. मुलगी शेवटपर्यंत पाहत राहिली. बाहेर आल्यावर मी विचारले, “कसं वाटलं?”

ती म्हणाली, “काका, बघायला आवडलं. पण हे रोज करायला आवडेल का, ते नाही सांगता येत.”

वाचकहो, हे उत्तर सोन्याने मढवून ठेवावे असे आहे. बघायला आवडणे वेगळे आणि रोज करणे वेगळे. पशुवैद्यकाची पदवी एका वर्षाच्या प्रत्यक्ष कामासह साडेपाच वर्षांची. प्रवेशाला नीट परीक्षा लागते. आणि शिकून झाल्यावर माणूस जनावरांचा डॉक्टरच होतो. या राज्यात त्या डॉक्टरांची गरज किती आहे ते मला कोणी सांगायला नको, रात्री-अपरात्री गाय अडलेली मी पाहिली आहे. पण हे अरुंद फाटक आहे. ‘रोज करीन’ असे आतून येत असेल तरच इथे अर्ज टाकावा. नुसते ‘डॉक्टर’ म्हणवून घेण्यासाठी साडेपाच वर्षे काढू नयेत.

साताऱ्याचा वड

खंबाटकी ओलांडून दुपारी सातारा गाठले. साताऱ्यात शिक्षण म्हटले की कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये काम साताऱ्याला आणले, वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली. मुलांच्या पोटाला कमी पडले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडले. संस्थेचे चिन्ह वडाचे आहे. वडाला पारंब्या फुटतात, त्या जमिनीला टेकल्या की त्यांचेच खोड होते.

१९४७ साली इथे छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस शिक्षण करून गेलेल्या माणसांच्या गोष्टी या जिल्ह्यात घरोघर ऐकू येतात. ही योजना आज राज्यातल्या पुष्कळ कॉलेजांत आहे. ग्रंथालयात, बागेत, कचेरीत रोज थोडे तास काम, आणि तासाप्रमाणे पैसे. तुमच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजात विचारा, ‘कमवा आणि शिका चालू आहे का, आणि किती मुलांना काम मिळते?’

आपल्या विषयाच्या दृष्टीने साताऱ्यात आणखी एक गोष्ट घडली आहे. २०२१ साली रयतेच्या तीन कॉलेजांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण विज्ञान संस्था आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय ही ती तीन. कला, विज्ञान आणि वाणिज्य एका विद्यापीठाच्या छपराखाली, तेही आपल्या जिल्ह्याच्या गावी, पुण्याच्या भाड्याशिवाय. ठरलेले नसलेल्या मुलाने असेच आवार आधी पाहावे.

त्यात नवे शैक्षणिक धोरण आले आहे. २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न कॉलेजांतही ते लागू झाले. त्यात मुख्य विषयाबरोबर दुसरा जोडविषय आणि खुले विषय घेता येतात. बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षी दोन-तीन विषय शिकून मुख्य विषय पुढे पक्का करता येतो. तीन वर्षांनी पदवी, चौथे वर्ष केले तर ऑनर्स. कागदावर हे छान आहे. पण माझ्या धंद्यात मी एक शिकलो आहे, योजना कागदावर एक असते आणि बांधावर एक. म्हणून कचेरीत बसून तीन प्रश्न नेमके विचारा. माहितीपत्रकातले किती विषय या वर्षी खरोखर शिकवले जात आहेत? त्यांना कायमचे शिक्षक आहेत का? विषय बदलायचा तर कोणत्या सत्रापर्यंत आणि कोणत्या अटीवर? उत्तर तोंडी नको, नियम दाखवा म्हणावे. चांगल्या कॉलेजात या प्रश्नांचा राग येत नाही.

ऊसपट्ट्यातून

साताऱ्याहून कऱ्हाड पन्नास किलोमीटर. जानेवारीत हा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला असतो. कऱ्हाडला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, १९६० चे. तिथे खटाव तालुक्यातला एक तिसऱ्या वर्षाचा मुलगा भेटला. त्याने सांगितले, शाखा बदलता येते, पण पहिल्या वर्षाच्या मार्कांवर आणि जागा रिकामी असली तरच. त्याच्या वर्गातले काहीजण दुसऱ्या शाखेची आशा धरून आले होते आणि आता मन मारून शिकत होते.

या मुलाकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे, माहिती विचारायची ती पहिल्या वर्षाच्या मुलाला नव्हे. त्याचा नवा नवा हुरूप असतो. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारा, आणि कचेरीत नव्हे तर खानावळीत विचारा. ‘पुन्हा बारावी झालास तर इथेच येशील का?’ एवढा एक प्रश्न पुरतो. लगेच ‘हो’ म्हणाला तर चांगले. थांबून बोलला तर तो काय बोलतो ते नीट ऐका.

कोल्हापूरची टेकडी

पंचगंगेचा पूल ओलांडून कोल्हापुरात शिरलो. कोल्हापूर हे वसतिगृहांचे गाव. १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, आणि पुढे निरनिराळ्या समाजांसाठी एकामागून एक बोर्डिंगे उभी राहिली. खेड्यातल्या मुलाला कॉलेज अडत नाही, रात्रीची भाकरी आणि पाठ टेकायची जागा अडते, हे त्या राजाने ओळखले होते. भाऊराव पाटील शिकायला असताना इथल्याच जैन बोर्डिंगात राहिले होते. त्या वसतिगृहाचे बी पुढे साताऱ्यात रुजले.

राजाराम कॉलेज १८८० चे, सरकारी. शिवाजी विद्यापीठ १९६२ चे, गावाबाहेर टेकडीवर. इथेच राजर्षींच्या नावाचे कृषी महाविद्यालय आहे, आणि ऊस व गुळाचे संशोधन केंद्रही. म्हणजे एका गावात कला-विज्ञानाचे जुने कॉलेज, विद्यापीठ आणि शेती, तिन्ही आहेत. मुलाचे मन फिरले तरी गाव बदलावे लागत नाही. गाव निवडतानासुद्धा हा विचार करावा.

विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभागाच्या बागेत आम्ही गेलो. तिथे एक विद्यार्थी ओळीत लावलेल्या कुंड्यांतली रोपे मोजून वहीत आकडे मांडत होता. तीन दिवस फारसे न बोललेली आमची मुलगी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

“दादा, हे आकडे घेऊन पुढं काय करता?”

त्याने वही दाखवली. किती बी पेरले, किती उगवले, कोणत्या दिवशी, आणि हा फरक खरा की योगायोगाचा हे गणिताने कसे ठरवायचे. ती अर्धा तास उभी होती. बाप पायरीवर बसून पाहत होता. परत येताना ती म्हणाली, “काका, मला झाडं आवडतात आणि गणितही आवडतं. दोन्ही एका कामात असतात, हे मला माहीतच नव्हतं.”

तिचे ठरले का? नाही ठरले. पण आता विचारायला प्रश्न मिळाला. जिथे वनस्पतिशास्त्र आणि संख्याशास्त्र दोन्ही शिकता येतील अशी कॉलेजे कोणती? बी. एस्सी. ॲग्रीत बियाण्याची पैदास शिकतात, ते हेच का? काय व्हायचे याला उत्तर नसले तरी काय करत बसायला आवडते याला उत्तर सापडते, आणि कॉलेजची यादी त्यावर होते.

घरी आल्यावर

परतीच्या गाडीत यादी झाली. शेतकी कॉलेजांचा अर्ज भरायचा, तो सगळ्या कृषी विद्यापीठांना मिळून एकच असतो. विज्ञानासाठी सातारा आणि कोल्हापूर, विषय विचारून. फर्ग्युसन शेवटी, वसतिगृह मिळाले तरच. सीईटी दोन्ही गटांतून द्यायची. शिरवळ तूर्त नको. एजंटाला नकार. विहिरीकडच्या अर्ध्या एकरात आज कांदा उभा आहे, आणि मुलगी बारावीचा अभ्यास करते आहे.

तुमच्या यादीसाठी माझा नेम असा. ठरलेले नसेल तर चार-पाचच कॉलेजे घ्या. त्यांतली निदान तीन रुंद फाटकाची असू द्या, म्हणजे आत विषय बदलता येईल. एक अशी घ्या की आत नाना विषयांची चव मिळते, जशी शेतकीची. एखादे अरुंद फाटक घ्यायचे तर मुलाने ते काम डोळ्यांनी पाहिलेले असावे आणि स्वतःच्या तोंडाने मागितलेले असावे. आणि एक कॉलेज घरापासून एस. टी. ने रोज जाण्यासारखे असावे, कारण घरी दुखणे-खुपणे काही आले तर तेच उपयोगी पडते.

पैशाचे सांगतो. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी आहे, तेव्हा अल्पभूधारकाचा दाखला आधी काढून ठेवा. अर्ज महाडीबीटीवर भरायचा. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला आणि जात पडताळणी ही कामे बारावीच्या दिवाळीपूर्वी उरकावीत. जूनमध्ये तहसीलला किती गर्दी असते ते तुम्ही जाणताच. आणि कोणी मूळ गुणपत्रके अडकवून ठेवू लागला तर सांगा, तसे करायचे नाही असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा नियम आहे.

तुम्ही या रस्त्यावरचे नसाल तर आपापला रस्ता शोधा. नगरकडच्यांना राहुरीचे विद्यापीठ आहे, १९६८ चे. वऱ्हाडात अमरावती आणि अकोला, अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ चे. मराठवाड्यात परभणी, कोकणात दापोली, दोन्ही १९७२ ची. प्रत्येकाच्या वाटेवर कला-विज्ञानाची कॉलेजे आहेतच. आणि चुकून वाट बदलावी लागली, किंवा घरच्या कामाने शिक्षण सुटले, तरी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशा माणसांसाठीच उभे आहे.

निघताना एक वही घ्या आणि ती मुलाच्या हातात द्या. प्रश्न त्याने विचारावेत, उत्तरे त्याने लिहावीत, आपण मागे उभे राहावे. फाटकावर पहारेकरी अडवील, त्याला सांगावे, ‘पोराला कॉलेज दाखवायला आणलंय.’ आमच्या तीन दिवसांत एकाही पहारेकऱ्याने यावर नाही म्हटले नाही.